पगाऱ्यांच्या टाकीतली वळवळ

मल्हारी पगारे कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी माणसांकडे बघत नसत, पाण्याकडे बघत. सारा जन्मच त्यात गेला होता. सुरुवातीची वर्षं सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यात आणि पुढची सगळी नोकरी नाशिक शहरात, मलेरिया खात्यात. काम एकच. घरोघर जायचं, पिंप, रांजण, हौद, कूलर, कुंडीखालची बशी, जे दिसेल त्यात टॉर्चचा झोत टाकायचा आणि डासाची अळी दिसली की एक शब्द उच्चारायचा, "ओता."

त्या शब्दावर अपील नव्हतं. नळाला पाणी येत नाही, घरात बाळंतीण आहे, उद्या पाहुणे येणार आहेत, काहीही सांगा. पगारे सगळं ऐकून घेत, मान डोलावत आणि मग तेवढ्याच शांतपणे म्हणत, "बरोबर आहे तुमचं. ओता." सातपूरच्या त्यांच्या कॉलनीत सगळे त्यांना ओता-पगारे म्हणत. अर्थात पाठीमागे.

लग्नाआधी शकुबाईंना बघायला ते विंचूरला गेले होते तेव्हाही हेच झालं. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तर नवरदेव जागेवर नाही. शोधाशोध झाली. नवरदेव मागच्या अंगणात, रांजणात डोकं घालून उभे. सासऱ्यांना वाटलं, पोराला घेरी आली. शकुबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या आणि तिथेच लग्न ठरलं. "माझ्या आधी ह्यांनी आमचा रांजण पसंत केला," हे त्या अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ देऊन झाल्यावर दीपक गांगुर्डेने त्यांच्या हातात एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी दिली. दीपक त्यांच्या हाताखाली तयार झालेला, आता त्यांच्याच जागेवर आलेला. पिशवीत गप्पी मासे होते, खात्याच्या हौदातले. डासांच्या अळ्या खातात म्हणून हेच मासे पगाऱ्यांनी आयुष्यभर विहिरींत आणि दगडखाणींत सोडले होते. सगळे हसले. पगारे पण हसले, पण त्यांना चष्मा पुसावा लागला.

पुण्याच्या लेकीने, तेजलने, काचेची टाकी घेऊन दिली. तळाला रंगीत खडे, हवेचा पंप, दिवा. शकुबाईंनी विंचूरहून भावाच्या विहिरीतली हिरवीगार पाणवेल पिशवीत घालून आणली आणि खड्यांत रोवली. टाकी पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी बसली, आणि टीव्ही बघणं हळूहळू बंद झालं.

पहिल्याच दिवशी पगाऱ्यांनी नियम घातला. "ह्यांना खायला घालायचं नाही. हे शोभेचे मासे नाहीत, खात्याचे आहेत. पोट भरलं की काम करत नाहीत."

"तुमच्या हपिसातल्यावानी का?" शकुबाई म्हणाल्या.

"शकू, मी गंमत करत नाही."

"मी तरी कुठं करते?"

असं सगळं छान चाललेलं असताना पावसाळ्याच्या तोंडावर दीपकचा फोन आला.

"जयभीम साहेब. एक विनंती होती. ह्या वर्षीचा घरोघरचा सर्व्हे तुमच्या कॉलनीपासून सुरू करतोय. आणि पहिलं घर तुमचं."

"माझं कशाला?"

"आदर्श घर म्हणून! आरोग्य अधिकारी मॅडम येणार आहेत. बॅनर करतोय, फोटो काढतोय. ज्यांनी सगळ्यांची पिंपं ओतली त्यांच्या घरात बघा पाणी कसं असतं, असं लोकांना दाखवायचं. पुढच्या शनिवारी. नाही म्हणू नका साहेब."

पगारे नाही म्हणाले नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी आरशात बघून उगाच कॉलर नीट केली. बातमी तासाभरात कॉलनीभर झाली, कारण शकुबाईंनी ती समोरच्या मंगलाबाईंना सांगितली, आणि मंगलाबाईंना सांगितल्यावर वेगळी दवंडी लागत नाही.

"शनिवारी ना? मी येणार म्हणजे येणार," मंगलाबाई म्हणाल्या. "पगारेभाऊंच्या घरात टॉर्च मारताना बघायचंय मला. लय वर्षं झाली वाट बघून." मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, ऐन पाणीटंचाईत, पगाऱ्यांनी त्यांचं भरलेलं पिंप ओतायला लावलं होतं. मुलीला आता दोन मुलं होती, पण पिंप काही मंगलाबाईंच्या मनातून रिकामं झालं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पगारे चहाचा कप घेऊन टाकीपुढे बसले, तर पाण्यात काहीतरी वळवळलं.

पगाऱ्यांचा कप हवेतच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला, टॉर्च आणला, गुडघे टेकले आणि नाक काचेला लावलं. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखं काहीतरी खड्यांतून वर येऊन आळोखेपिळोखे देत होतं. एक नव्हे, बरेच. काचेवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उड्या मारत होते; थांबत, उडी मारत, पुन्हा थांबत. आणि कोपऱ्यात एक चपटा, भुऱ्या रंगाचा जीव काचेवरून असा सरकत होता, जणू त्याला पाय नाहीत पण घाई आहे.

डासाची अळी म्हटली तर पगारे झोपेत ओळखतील. ती श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागाशी येते, शेपूट वर करून लटकते, सावली पडली की गुपचूप खाली जाते. ह्यांच्यातला एकही वर येऊन लटकत नव्हता. सावलीला भीत नव्हता. म्हणजे ती अळी नव्हती. ह्याने पगाऱ्यांना बरं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. अळी असती तर निदान ओळखीची असती. चाळीस वर्षं पाण्यात बघून त्यांना दोनच गोष्टी कळत होत्या, अळी आणि अळी नाही. ह्या दुसऱ्या खात्यात इतकी गर्दी असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"शकू," ते हळूच म्हणाले, "टाकी ओतावी लागेल."

शकुबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "काय म्हणालात?"

"आत वळवळ आहे. शनिवारी मॅडम येणार, अख्खी गल्ली येणार. मंगलाबाई येणार. पगाऱ्यांच्या घरात पाण्यात किडे! मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"आणि मासे?"

"बादलीत ठेवू तोवर."

"बादलीत," शकुबाई म्हणाल्या. "त्या निळ्या शेपटीवालीचे दिवस भरत आलेत. पोटुशीला बादलीत ठेवणार तुम्ही? टाकी ओतायची तर मला पण ओता तिच्यासंगं."

लाटण्याचा रोख बघून पगाऱ्यांनी विषय तात्पुरता थांबवला. पण मनातला हिशेब साफ होता. शनिवारपर्यंत टाकी स्वच्छ झाली नाही, तर एकतर टाकी जाईल, नाहीतर नाव जाईल.

शत्रू ओळखल्याशिवाय औषध नाही, हे खात्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. पगाऱ्यांनी डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर घेतला आणि नमुने गोळा करायला बसले. लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या धुऊन, टाकीतलंच पाणी भरून मागच्या गॅलरीच्या कठड्यावर मांडल्या. एकीत दोरेवाले, एकीत उडीवाले, एकीत चपटे. शकुबाई झाकणं घेऊन आल्या तर पगाऱ्यांनी हात आडवा केला.

"झाकण नको. जीव आहेत, गुदमरतील."

शकुबाईंनी एकदा नवऱ्याकडे आणि एकदा झाकणांकडे बघितलं. ह्याच माणसाने उभ्या नाशिकला झाकणं लावायला शिकवलं होतं. पण त्यांनी झाकणं परत नेली. निळ्या शेपटीवालीचा जीव अजून टांगणीला होता. उगाच वाद नको.

तिन्हींचे थोडे नमुने एका बाटलीत भरून पगाऱ्यांनी ती पिशवीत घातली आणि बसने कॉलेज रोडला गेले. तिथल्या एका गल्लीत सनी नावाच्या तरुणाचं माशांचं दुकान होतं. सनी पाण्याच्या वाफेत वाढल्यासारखा गोरागोमटा, कपाळावर केस, आणि सगळ्यांना काका म्हणणारा. त्याने बाटली उजेडात धरली, मोबाईलला एक छोटी भिंगाची टोपी लावली आणि खूश झाला.

"वा काका! पब्लिक भरपूर जमवलीये तुम्ही."

"कोण आहेत हे?"

"हे दोरे म्हणजे गाळातले किडे. निरुपद्रवी. घाण खातात, झोपतात, पोरं काढतात. आणि हा चपटा बघा, ह्याचं डोकं बघा."

पगाऱ्यांनी मोबाईलमध्ये बघितलं. बाणाच्या टोकासारखं तिकोनी डोकं आणि त्यावर दोन तिरळे डोळे. तो जीव त्यांच्याकडे बघत होता की शेजारच्या कपाटाकडे, सांगता येत नव्हतं.

"ह्याला प्लॅनेरिया म्हणतात. मोठ्या माशांना काही करत नाही, पण अंडी, कोळंबी दिसली तर सोडत नाही. कापला तर दोन होतात, म्हणून कापू नका. आणि हे उड्या मारणारे सायक्लॉप्स."

पगाऱ्यांनी काउंटर धरला.

"काय म्हणालास?"

"सायक्लॉप्स. एकच डोळा असतो. हिच्या शेपटीजवळ दोन पिशव्या दिसतात ना, दप्तरासारख्या? अंडी आहेत ती."

पगाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सुरगाण्याकडची एक पायऱ्यांची विहीर आली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ते अशा विहिरींत औषध टाकत हिंडले होते, बायाबापड्यांना पाणी दुहेरी फडक्यातून गाळायला सांगत. कारण ह्याच, त्यांना नुसत्या नावाने माहीत असलेल्या सायक्लॉप्सच्या पोटातून नारू माणसात जायचा आणि वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा बाहेर निघायचा. तो सायक्लॉप्स आता त्यांच्या पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी!

"नारू," ते कसेबसे म्हणाले.

"कोणता नारू?" सनी म्हणाला. "नारू टेलर? ते शटर बंद करून गेले काका गावाला."

"नारू रे! रोग!"

सनी कोरा चेहरा करून बघत राहिला. त्याने तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. पगाऱ्यांना आधी राग आला. मग एकदम वेगळंच वाटलं. ज्या रोगासाठी आपण चिखल तुडवला, जीपच्या टपावर बसून घाट चढलो, तो रोग इतका गेला की पोरांना त्याचं नावही माहीत नाही. ह्याहून मोठं प्रमाणपत्र काय असतं? आणि डोकं थोडं थंड झाल्यावर त्यांना आपलंच शिक्षण आठवलं. नारू झालेला माणूस पाण्यात उतरल्याशिवाय सायक्लॉप्सच्या पोटात नारू येत नाही. आपल्या टाकीत माणूस तर सोडाच, मंगलाबाईंची मांजरही उतरलेली नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "पुढे सांग."

"हे तर माशांचे चणेफुटाणे आहेत काका. मासे खातातच ह्यांना. तुमचे का खात नाहीत? काय खायला घालता?"

"काही नाही. खात्याचे मासे आहेत. त्यांना खायला घालत नाहीत."

सनी हसला. "काका, ही पब्लिक उपाशी राहून नाही वाढत. खड्यांत अन्न सडलंय. तुमच्या घरात कोणीतरी रोज भंडारा घालतंय."

बसमध्ये पगारे खिडकीशी बसले होते, पण त्यांना रस्ता दिसत नव्हता. भंडारा कोण घालणार? घरात माणसं दोन. त्यातलं एक आपण.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "शकू, तू माशांना खायला घालतेस?"

शकुबाई भाजी निवडत होत्या. देठं मोडण्याचा वेग थोडा वाढला. "मी कशाला घालू? तुमचा कायदा हाय ना."

"शकू."

"भाकरीचा चुरा," शकुबाई म्हणाल्या. "सकाळी चिमूटभर. दुपारी तुम्ही झोपलात की चिमूटभर. आणि दिवेलागणीला उगंच थोडा. उपाशी बघवतं का लेकरांना? ती पोटुशी तर काचेला तोंड लावून मागती."

"म्हणजे नियम मोडलास!"

"आणि तुम्ही?" शकुबाईंनी निवडलेली मेथी बाजूला सारली. "डॉक्टरने तुम्हाला अंड्यातलं पिवळं बंद केलंय. मी रोज अख्खं अंडं उकडून देते, तुम्ही म्हणता पांढरं मी खाल्लं. मग पिवळं जातं कुठं? मोरीत तर नसतं. मी बघते रोज."

पगाऱ्यांनी टाकीकडे बघितलं. रोज सकाळी शकुबाई आंघोळीला गेल्या की ते अंड्यातलं पिवळं बोटांनी कुस्करून टाकीत सोडत. पहिला कण निळ्या शेपटीवालीला मिळाला पाहिजे असा त्यांचा कटाक्ष असे.

"तो पगार होता," ते शेवटी म्हणाले. "फुकट नव्हता."

"कामाचा का निवृत्तीचा?" असं म्हणून शकुबाई हसायला लागल्या त्या हसतच राहिल्या. पगारेही हसले. टाकीतले गप्पी मात्र दोघांकडे बघून काचेला तोंड लावत होते. दोन मालकांचे दोन पगार खाऊन ते इतके सुस्तावले होते की नाकापुढून सायक्लॉप्स उडी मारून गेला तरी मान वळवत नव्हते.

त्या दिवसापासून घरात दुष्काळ जाहीर झाला. सनीने सांगितल्याप्रमाणे पगाऱ्यांनी नळी लावून खड्यांतला गाळ ओढून काढला आणि चौथा हिस्सा पाणी बदललं. गाळातून जे निघालं ते बघून शकुबाई म्हणाल्या, "अगं बाई, ह्यात तर आठवड्याची न्याहारी हाय." चपट्यांसाठी शकुबाईंनीच डोकं लढवलं. औषधाच्या छोट्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून आत सुकटीचा तुकडा ठेवला, बाटली तळाला सोडली आणि टाकीवर टॉवेल टाकला, कारण चपटे अंधारात हिंडतात असं सनी म्हणाला होता. दुपारी टॉवेल काढला तर लग्नाच्या पंगतीसारखे चपटे आत दाटीवाटीने बसलेले.

"बघा, सुकट कोणाला सुटत नाही," शकुबाई विजयाने म्हणाल्या.

पहिले काही दिवस गप्पी काचेशी येऊन अशी केविलवाणी तोंडं करायचे की दोघांनी एकमेकांवर पहारा ठेवला. शकुबाई आंघोळीला जाताना पिवळा बलक स्वतःबरोबर घेऊन जायच्या. पगाऱ्यांनी भाकरीची टोपली कपाटावर ठेवली. मग एका सकाळी पगाऱ्यांना दिसलं, निळ्या शेपटीवाली एका उडी मारणाऱ्या ठिपक्यामागे धावली आणि तो तिने गट्ट केला. पगारे टाळी वाजवणार होते, पण त्यांनी स्वतःला आवरलं आणि नुसतं म्हणाले, "रुजू झाली."

शुक्रवारपर्यंत ठिपके दिसेनासे झाले. चपटा एखादाच. दोरे मात्र थोडे राहिले होते. पगाऱ्यांनी भुवई चढवून ते बघितले आणि ठरवलं, एवढं चालेल. हे काय आहेत ते आता आपल्याला सांगता येतं. टाकी ओतायची गरज नाही. आणि ह्या सगळ्या गडबडीत मागच्या गॅलरीतल्या बरण्या, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे, कोणाला आठवल्या नाहीत.

शनिवारी सकाळी दारात माणसं मावेनात. मॅडम आल्या, दीपक आला, "आदर्श घर" लिहिलेला बॅनर दोघांनी धरला. सर्व्हेवाली वेदिका, खात्यात नवीनच लागलेली, टॉर्च घेऊन सरळ आत गेली. मंगलाबाई सगळ्यांच्या पुढे, पदर खोचून.

"हे काय हो भाऊ?" त्यांनी टाकीवर बोट ठेवलं आणि आवाज मुद्दाम वाढवला. "पांढरं पांढरं वळवळतंय. अळ्या का?"

सगळ्या माना टाकीकडे वळल्या. पगाऱ्यांनी घसा खाकरला. आयुष्यात ते लोकांपुढे एकच शब्द बोलले होते, पण त्या दिवशी ते बोलले. दोरेवाले कोण, ते घाण कशी खातात, अळी कशी लटकते आणि हे का लटकत नाहीत, तिकोनी डोक्याचा तिरळा कोण आणि त्याला सुकट कशी लागते. लोक काचेला नाकं लावून बघत होते. मॅडमनी सुद्धा वाकून बघितलं. "खरंच तिरळा आहे हो!" त्या म्हणाल्या आणि हसल्या. मंगलाबाईंचा चेहरा पडला. पगाऱ्यांना वाटलं, झालं, जिंकलो.

"सर," आतून वेदिकाचा आवाज आला. "इथे पॉझिटिव्ह आहे."

लोक गॅलरीकडे वळले. चादर बाजूला सारलेली होती. तीन बरण्या. मधल्या बरणीत वेदिकाचा टॉर्च, आणि त्या झोतात शेपूट वर करून लटकलेल्या अळ्या. पगाऱ्यांनी बरणीवर हाताची सावली धरली. अळ्या गुपचूप खाली गेल्या.

ह्यांना ओळखायला भिंग लागत नव्हतं.

दीपक पुढे झाला. "अगं वेदिका, ह्या साहेबांच्या नमुन्याच्या बरण्या आहेत. घरातलं वापरायचं पाणी नव्हे हे. चल, पुढचं घर बघू."

तसं म्हटलं तर ते खरंही होतं. मॅडम अजून टाकीपाशीच होत्या. बॅनर बाहेर फडफडत होता. पगाऱ्यांनी फक्त मान डोलवायचा अवकाश होता. पण मंगलाबाई बरणीकडे बघत नव्हत्या, त्या पगाऱ्यांकडे बघत होत्या. आणि पगाऱ्यांना आठवत होतं, असंच काहीतरी बोलणाऱ्या हजार माणसांना आपण काय सांगितलं ते. वापरायचं नाही हो, नुसतं भरून ठेवलंय. वापरायचं नाही हो, जनावरांसाठी आहे.

"दीपक," ते म्हणाले, "पाणी आहे. अळी आहे. झाकण नाही. घर दूषित."

"साहेब, बॅनर..."

"मला वाचता येतं. वेदिका, खडू दे बाळ."

त्यांनी स्वतःच्या दाराच्या चौकटीवर, कॉलनीतल्या प्रत्येक चौकटीवर कधी ना कधी काढली होती तशी फुली काढली. ती थोडी वाकडी आली. मग गर्दीतून मंगलाबाईंचा आवाज आला, अगदी पगाऱ्यांच्याच शांत सुरात.

"बरोबर आहे तुमचं, भाऊ. ओता."

अख्खी गल्ली फुटली. माणसं भिंतीला टेकून हसत होती. दीपकने तोंडावर रुमाल धरला. पगाऱ्यांचे कान लाल झाले, पण थोड्या वेळाने त्यांच्याही लक्षात आलं की आपण हसतो आहोत, आणि आपलाच शब्द असा तोंडावर ऐकायला काही वाईट लागत नाही.

बरणी घेऊन ते मोरीकडे निघाले तर शकुबाईंनी ती मधेच काढून घेतली. "मोरीत कशाला? आठवडाभर उपास घडलाय लेकरांना." आणि बरणी सरळ टाकीत उपडी केली. गप्पींनी एकच झेप घेतली. पृष्ठभागाशी लटकायला अळ्यांना वेळच मिळाला नाही. निळ्या शेपटीवालीने सर्वांत जास्त खाल्ल्या. पोरासोरांनी टाळ्या पिटल्या आणि मॅडमनी मोबाईलवर व्हिडिओ काढला. "हे बॅनरपेक्षा चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

पण बॅनर होताच, आणि फोटोही व्हायचा होता. नियमाप्रमाणे दूषित घरापुढे तो धरता येत नव्हता. दीपक अवघडून उभा राहिला, तेव्हा पगाऱ्यांनीच समोर बोट केलं. "मंगलाबाईंकडे जा. त्यांच्या घरात झाकणाशिवाय वाटीसुद्धा नसते."

ते खरं होतं. मंगलाबाईंच्या घरात पिंपाला झाकण, झाकणावर फडकं, फडक्यावर पाटा. वेदिकाने सगळं बघितलं आणि काही सापडलं नाही. मंगलाबाईंनी पाच मिनिटांत साडी बदलली. मग पुढच्या खोलीत फोटोला उभं राहताना त्यांनी पगाऱ्यांना बाहीला धरून शेजारी ओढलं. "तुम्ही पण या. तुमच्यामुळं तर पाटा ठेवते मी पिंपावर. भ्या वाटतं तुमचं."

पगारे उभे राहिले. दीपकने मोबाईल वर केला. पगाऱ्यांची नजर, जन्माची सवय, सगळ्यांवरून फिरून भिंतीच्या फळीवर गेली. तिथे टीव्हीच्या मागे एका काचेच्या बाटलीत मनीप्लांटची वेल होती. पानं टवटवीत. मुळं लांब. आणि मुळांच्या मध्ये, पाण्याच्या पृष्ठभागाशी, शेपूट वर करून...

तो शब्द घशापर्यंत आला.

"साहेब, इकडे बघा की," दीपक ओरडला. "हसा जरा!"

पगाऱ्यांनी इकडे बघितलं. फोटो निघाला. मंगलाबाई फोटोत अशा दिसल्या की जणू लेकीचं लग्न पुन्हा लागतंय.

माणसं पांगल्यावर पगारे मागे रेंगाळले. फळीवरची बाटली त्यांनी उचलली, वेल अलगद बाहेर काढून वाटीत ठेवली आणि बाटली पदराआड लपवावी तशी शर्टाच्या आत धरली.

"मंगलाबाई, एवढं पाणी आमच्या माशांना नेतो. त्यांना... फार आवडतं असलं पाणी."

मंगलाबाईंनी बाटलीकडे बघितलं. मग पगाऱ्यांकडे. मग दाराबाहेर, जिथे दीपक बॅनर गुंडाळत होता. त्यांनी दार हळूच लोटलं.

"न्या," त्या आवाज खाली करून म्हणाल्या. "आणि बाटली तेवढी धुऊन परत द्या, भाऊ."